उंबरठ्याच्या आतील हजेरीपट

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस एक पुष्प गुंफण्याचे आमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. ज्याचे आयुष्य जिनिंगमधील हमाल, बाजारातील तोलणार आणि अंगणवाडीच्या सेविका यांच्या सभा घेण्यात गेले, त्याने कामगार चळवळीचा इतिहास सांगावा, असे कोणासही वाटेल. आम्ही विषय कळविला तो मात्र एका चित्रपटाचा. चालकांपैकी एका गृहस्थांनी हसून विचारले, "अण्णा, संप सोडून सिनेमात केव्हा शिरलात?" त्यांस तोंडी उत्तर देणे त्या वेळी साधले नाही. ते येथे देत आहोत. आमचे म्हणणे असे की, आम्ही ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहोत तो कामगारांच्या इतिहासातलाच आहे. फरक इतकाच, की त्यातील कामगाराचे नाव आजवर कोणत्याही हजेरीपटावर चढलेले नाही.

आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत. पुढील सारे वाचनालयात आणि मोर्चात झाले. तेव्हा कलेच्या परीक्षणाचा आव आम्ही आणणार नाही. एका माणसाने एक चित्रपट पाहिला, तो त्यास पुरता कळावयास वीसपंचवीस वर्षे लागली, आणि ती वर्षे का लागली याचा शोध घेता घेता थोडा इतिहास हाती आला, एवढेच या लेखाचे स्वरूप आहे.

आरंभ आपल्या तालुक्यापासूनच करू. अजिंठ्याची लेणी जगास ठाऊक आहेत. परंतु ती ज्या लेणापूरच्या शिवारात आहेत ते सोयगाव तालुक्यात मोडते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांपैकी सोळाव्या लेण्यात एक प्रसिद्ध भित्तिचित्र आहे. एक सुंदर स्त्री मंचकावर बसल्या बसल्या कोसळते आहे, मान कलली आहे, दासी तिला सावरीत आहेत. 'मरणासन्न राजकन्या' या नावाने हे चित्र पुष्कळ काळ ओळखले जात होते. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, ही राजकन्या मरत नाही. ती नंदाची पत्नी सुंदरी होय. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. तो बुद्धाच्या मागोमाग घराबाहेर पडला आणि भिक्षू झाला. ती वार्ता ऐकून ही कोसळली आहे.

लहानपणापासून हे चित्र आम्ही अनेकदा पाहिले. पाहुणे आले की त्यांस दाखवून आणणे हे आमच्याकडे ठरलेलेच असते. परंतु एक गोष्ट फार उशिरा मनात आली. नंद उंबरठा ओलांडून गेला, त्यास आपण प्रव्रज्या म्हणतो. अश्वघोषाने त्यावर 'सौंदरनंद' हे महाकाव्य रचिले. जी घरात राहिली तिच्या वाट्यास मूर्च्छा आली. मूर्च्छा उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरीने काय केले, तिला सावरणाऱ्या त्या दासी किती वाजता उठल्या आणि किती वाजता निजल्या, हे कोणी चितारले नाही. भिक्षुणींचा संघ होता, त्यात काही स्त्रिया गेल्याही, हे खरे. तथापि लोकांच्या बोलण्यात भेद राहिला तो राहिलाच. पुरुष घर सोडून निघाला तर तो विरक्त झाला. बाई निघाली तर ती पळाली.

या भेदाचा जाब मराठीत प्रथम खणखणीतपणे विचारला तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील एका बाईने. अजिंठ्याच्या डोंगररांगेने पूर्वेकडे गेले की बुलढाणा लागते. तेथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. सुरतेकडील एका विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला होता आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झोड उठली होती. ताराबाईंनी उलट विचारले की, जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? त्या प्रश्नास उत्तर देणे समाजास अवघड गेले असावे, कारण ते पुस्तक पुढे जवळजवळ नव्वद वर्षे विस्मृतीत पडून होते. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणिले.

मधल्या काळात बोलपट आला. या विषयावरील पहिला मोठा मराठी बोलपट म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू'. साल १९३७. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. हिंदीत तो 'दुनिया न माने' म्हणून गाजला. नीरा नावाच्या पोरक्या मुलीचे लग्न मामा एका म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतो. शांता आपटे यांची नीरा हे लग्न मानावयास साफ नकार देते. ती रडत बसत नाही, घरातल्या घरात बंड पुकारते. त्या काळी हे केवढे धाडस होते हे सांगावयास नकोच. म्हाताऱ्याच्या कर्त्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती, आणि ती मुलगीही बापाच्या बाजूने न बोलता या लहान सावत्र आईच्या बाजूने बोलते. अखेरीस म्हाताऱ्यासही आपली चूक कळते.

'कुंकू'त अन्याय आहे तो विजोड लग्नाचा. नवरा म्हातारा होता, मामा लोभी होता, म्हणून नीरा दुःखी. मग नवरा तरुण, सुस्वभावी आणि कमावता असता तर? चित्रपटाने तो प्रश्न विचारिला नाही, आणि १९३७ साली तो कोणाच्या मनात यावयाचाही नव्हता.

आम्हा चळवळीतल्या माणसांस ही अवस्था ओळखीची आहे. नव्या जागी संघटना बांधावयास गेले की पहिली तक्रार नेहमी माणसाची असते. मुकादम शिव्या देतो, मालक नीच आहे, दिवाणजी हजेरी खातो. मुकादम बदलला की काम भागले, असे लोकांस वाटते. पुढे मुकादम बदलतो, गोड बोलणारा येतो, आणि तरीही संध्याकाळी पाठ दुखावयाची ती दुखतेच. मग एखाद्या शहाण्या हमालाच्या ध्यानात येते की, माणूस वाईट होता हे खरे, परंतु दुखणे त्या माणसात नव्हते. कामाचे तास, दर आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यात ते होते. चळवळीचा खरा आरंभ त्या दिवशी होतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची साप्ताहिक सुटी मिळविली, ती एखाद्या वाईट मालकाविरुद्ध नव्हती. सगळ्या मालकांस सारखीच लागू होती. तिचे मोठेपण त्यातच आहे.

घरातील बाईच्या बाबतीत हे पुढचे पाऊल पडावयास 'कुंकू'नंतर पंचेचाळीस वर्षे लागली. ते पाऊल म्हणजे १९८२ चा 'उंबरठा'.

त्यापूर्वीचे १९७५ हे साल मात्र ध्यानात घेतले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. ताराबाईंचे पुस्तक पुन्हा निघाले ते याच साली. याच साली २ ऑक्टोबरला आपल्या देशात अंगणवाडीची योजना सुरू झाली. मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेही याच साली. गिरणी कामगारांस खानावळ घालणाऱ्या बायांची ती संघटना. संपाच्या दिवसांत उधारीवर माणसे जेवू घालणाऱ्या, आणि त्यासाठी सावकाराच्या दारी उभ्या राहणाऱ्या त्या बाया. गिरणीच्या भोंग्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तो वाजण्यापूर्वी ज्यांच्या चुली पेटत त्यांच्याविषयी फार थोडे. आणि याच वर्षी २४ ऑक्टोबरला दूर आइसलँडमध्ये तेथील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी एक दिवस काम बंद ठेविले. कचेरीतले काम बंद, तसेच घरातलेही बंद. बापांनी पोरे बरोबर घेऊन कचेरी गाठली. संपांचा आमचा अनुभव बराच आहे, परंतु एका दिवसात इतके सिद्ध करणारा संप आमच्या माहितीत दुसरा नाही.

आता 'उंबरठा'. दिग्दर्शक जब्बार पटेल हे पेशाने डॉक्टर, नाटकवेडे, आणि 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणणारे. प्रभातसारखी मोठी कंपनी त्यांच्या पाठीशी नव्हती. धंद्याची रूढ वाट सोडून त्यांनी 'सामना', 'जैत रे जैत' आणि 'सिंहासन' हे चित्रपट केले होते. 'सिंहासन'मधील कामगार पुढारी डिकास्टा आमच्या मंडळींत अजूनही चर्चेचा विषय असतो. त्यांनी शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी निवडली, पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. नायिका स्मिता पाटील, आपल्या शेजारच्या खानदेशातील, शिरपूरच्या घरातील मुलगी. त्या १९८६ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेल्या. नवऱ्याचे काम गिरीश कर्नाड यांचे. हिंदीत हाच चित्रपट 'सुबह' या नावाने निघाला. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला.

कथा थोडक्यात अशी. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातील सून. नवरा वकील, सुशिक्षित, हात न उगारणारा. सासू समाजकार्यात मान असलेली. एक गोड मुलगी आहे, आणि निपुत्रिक जाऊ त्या मुलीस आईसारखी सांभाळते. घरात काहीएक उणे नाही. सुलभेने समाजकार्याचे शिक्षण घेतलेले आहे आणि घरात तिला करण्यासारखे काही नाही. संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची जागा मिळते, तेव्हा ती घर आणि मुलगी सोडून तेथे जाते. आश्रमाचा कारभार सडलेला असतो. व्यवस्थापक मंडळास आश्रमातील बायांची फिकीर नसते, राजकारणी माणसांची तेथे ये-जा असते. सुलभा झगडते. दोन बाया जाळून घेतात, चौकशी लागते, आणि अखेर ती राजीनामा देऊन घरी परत येते. घरी तिची जागा उरलेली नसते. मुलगी परकी झालेली, आणि नवऱ्याने मध्यंतरी दुसऱ्या बाईशी संबंध जोडलेला. तो हे शांतपणे सांगतो आणि तू आता येथेच राहा, असेही म्हणतो. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते आणि आगगाडीत बसते. चित्रपट तेथे संपतो.

या वर्षाविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ताराबाईंचे पुस्तक १८८२ चे, 'उंबरठा' १९८२ चा. मध्ये बरोबर शंभर वर्षे. आणि याच १९८२ च्या १८ जानेवारीस मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. एकीकडे अडीच लाख माणसे कामावर जाण्यास नकार देत होती. दुसरीकडे पडद्यावर एक बाई घरात राहण्यास नकार देत होती. पहिल्या नकारावर आमच्या चळवळीत आजवर शेकडो भाषणे झाली. दुसऱ्यावर झालेले एकही आम्ही ऐकले नाही.

१९८२ साली आम्ही बारा वर्षांचे पोर होतो. 'उंबरठा' पाहिला तो लग्नानंतर, शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर, एका रविवारी. ओसरीवर पुरुष, आत दारालगत बाया, अशी बैठक होती. चित्रपट संपला आणि पुरुषांत वाद पेटला. बहुतेकांचे मत पडले की, या बाईस घरात काय कमी होते? वकिलाचे चुकले ते अखेरीस. तोवर तर भला माणूस होता. आम्ही पुढारीपणाने मध्यस्थी केली. म्हणालो, तिने आश्रमात जे काम केले ते चांगले, परंतु पोर टाकून जावयास नको होते. सगळ्यांस ते पटले. सभा जिंकल्याचा आनंद घेऊन आम्ही घरी निघालो.

वाटेत कुटुंब काही बोलले नाही. घरी आल्यावर चूल पेटविता पेटविता एवढेच म्हणाले, "ती शिकलेली होती म्हणून गाडीत बसली. न शिकलेलीनं कुठं बसायचं?" थोड्या वेळाने भाकरी थापता थापता आणखी एक वाक्य आले. "आणि त्या घरात सैपाक कोण करत होतं, ते काही दाखवलं नाही."

या दोन वाक्यांची उत्तरे त्या दिवशी आमच्यापाशी नव्हती. पहिले वाक्य चित्रपटाच्या मर्यादेवर बोट ठेवणारे होते. सुलभेपाशी पदवी होती, जाऊ होती, नोकरीचा हुकूम होता. दारिद्र्यातील बाईस उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकावयाचे तर ते थेट उन्हात पडते. अशा बाईची गोष्ट मराठीत आली ती थोड्याच वर्षांनी. सुमित्रा भावे या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, चित्रपटाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या. झोपडपट्टीतील स्त्रियांमध्ये काम करता करता त्यांनी १९८५ साली सुनील सुकथनकर यांच्यासह 'बाई' हा छोटा चित्रपट केला. झोपडपट्टीतलीच एक बाई, तिचे घर, तिचा नवरा, तिचे कष्ट. त्यासही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे १९९५ साली याच दोघांचा 'दोघी' आला. त्यात खेड्यातील दोन बहिणी आहेत. थोरलीच्या लग्नावर अपघाताने घाला पडतो, घर उघडे पडते, आणि घर चालावे म्हणून तिला मुंबईस धाडले जाते. तिच्या पैशावर घर उभे राहते आणि त्याच घरात तिला मान राहत नाही.

हे चित्रपट आमच्या गावापर्यंत कधी पोचले नाहीत. पोचला तो १९९१ चा 'माहेरची साडी'. बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून तालुक्याबाहेर तो पाहावयास गेल्या, पदर ओले करून परत आल्या. त्या चित्रपटास नावे ठेवण्याची आमची इच्छा नाही. रडणे हीदेखील एक तक्रार आहे, आणि ज्यांस अन्यत्र रडावयास जागा नव्हती त्यांस तीन तास अंधार मिळाला. परंतु तेथे पुन्हा 'कुंकू'च्याही अलीकडची स्थिती आली. सासू दुष्ट, सून सोशिक. मुकादम वाईट, एवढेच.

दुसऱ्या वाक्यास उत्तर मिळावयास अधिक काळ गेला. त्या घरात स्वयंपाक कोण करीत होते? 'उंबरठा' आम्ही पुन्हा पाहिला तो या प्रश्नासाठी. सुलभेचे दुःख खरे आहे, परंतु ते रिकामपणाचे आहे. आपल्याकडील बहुसंख्य बायांचे दुःख त्याच्या उलट, कधीच रिकामे न होण्याचे आहे. या कामासच चित्रपटाचा विषय करता येतो हे दाखविले ते शांताल आकेरमान या बेल्जियमच्या, तेव्हा जेमतेम पंचविशीतल्या दिग्दर्शिकेने, आणि तेही १९७५ सालीच. ब्रसेल्समधील झान डीलमान नावाच्या एका विधवेचे तीन दिवस, एवढाच तिच्या चित्रपटाचा विषय. ती बटाटे सोलते ते सगळे सोलून होईपर्यंत आपण पाहतो. भांडी घासते, अंथरूण घालते, मुलास वाढते. चित्रपट तीन तासांहून अधिक चालतो, आणि तिच्या ठरलेल्या कामात लहानशी चूक झाली तरी आपला जीव वरखाली होतो. २०२२ साली ब्रिटनमधील एका मान्यवर नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांची मते घेतली, तेव्हा हाच चित्रपट आजवरचा सर्वश्रेष्ठ ठरला.

आपल्या देशात तेच काम मल्याळम् भाषेतील एका अल्प खर्चाच्या चित्रपटाने केले. जिओ बेबी यांचा 'द ग्रेट इंडियन किचन' १५ जानेवारी २०२१ रोजी प्रदर्शित झाला. नव्या सुनेची सकाळ, चिरणे, वाटणे, वाढणे, उष्टी काढणे, पुन्हा चिरणे. मोरीचे नळकांडे गळते आणि ते दुरुस्त करवून घेण्याची आठवण नवऱ्यास राहत नाही. नवरा शिक्षक आहे, सासरा मृदू बोलतो, कोणी मारहाण करीत नाही. शेवटी तीही निघून जाते. त्याच कथेवरून 'मिसेस' हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये आला. तो आम्ही मुलीच्या भ्रमणध्वनीवर पाहिला. ओसरीवरचा जुना वाद तेव्हा पुन्हा आठवला. 'या बाईस घरात काय कमी होते?' कमी काहीच नव्हते. कामाची लांबी जास्त होती.

आता चित्रपट बाजूस ठेवून आकडे पाहू. आमचा धंदा अखेर आकड्यांचा आहे. केंद्र सरकारने लोकांचा दिवस कोणत्या कामात जातो याची देशव्यापी पाहणी २०१९ साली केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी १०० पैकी ८१ जणी घरचे बिनमोल काम करीत होत्या, पुरुषांपैकी १०० पैकी २६. जे असे काम करतात त्यांचीच सरासरी काढली, तर बायांची दिवसाकाठी २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. पुन्हा २०२४ मध्ये अशीच पाहणी झाली. बायांची मिनिटे २८९ वर आली आणि पुरुषांची ८८ वर. बायांची दहा मिनिटे कमी झाली म्हणून कोणी हर्ष मानावयाचा, तर पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतलेली आहेत. मुले, म्हातारी व आजारी माणसे यांची देखभाल या हिशेबात वेगळी धरली आहे.

आठवड्याची सुटी लोखंडे यांनी मिळवून दिली. त्या रविवारी नवरा घरी असतो, पाहुणे येतात, जेवण वाढते, कपडे धुवावयाचे साठतात. म्हणजे गिरणीत जी सुटी मिळाली तीच घरात जादा काम होऊन उतरली. जादा कामाचा दुप्पट दर मागणारे आम्ही. परंतु हा हिशेब आम्ही कधी मांडला नाही.

या कामाची किंमत सरकारदरबारी केव्हा होते? बाई मेल्यावर. जमशेदपूर येथे १९८९ साली एका समारंभात आग लागून पुष्कळ स्त्रिया व मुले दगावली. त्यांच्या भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रौढ गृहिणीच्या घरकामाचे मूल्य दरमहा ३००० रुपये धरले. पुढे २०२१ साली त्याच न्यायालयाने, अपघातात गेलेल्या गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमास मान्यता देणे होय, असा अभिप्राय दिला. जिवंतपणी जिच्या नावावर रुपया मांडला जात नाही, तिचा हिशेब मृत्यूनंतर वारसांसाठी होतो.

आणि जेथे हेच काम सरकार करवून घेते, तेथेही घरची रीत चालते. अंगणवाडीची सेविका मुले सांभाळते, मदतनीस आहार शिजविते. ही कामे बायांची, म्हणजे मायेची, म्हणून त्यास पगार न म्हणता मानधन म्हणावयाचे. १९७५ साली सुरू झालेल्या या योजनेतील सेविकांस उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०२२ साली. या प्रश्नावर आम्ही अनेक मोर्चे काढले आहेत. 'मान नको, वेतन द्या' अशा घोषणा देऊन घसा बसवून घेतला आहे. आणि मोर्चा संपवून घरी आल्यावर ताट वाढलेले नसेल तर आवाजही चढविला आहे.

येथे एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका जिनिंगमधील हमालांचा संप चाळीस दिवस चालला. त्या दिवसांत आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस माणसांचे जेवण होत असे. पीठ वर्गणीचे होते, भाकरी घरच्या होत्या. संप यशस्वी झाला. अहवाल आम्ही स्वतः लिहिला. त्यात वकिलांचे आभार होते, दुकानदारांचे होते, ज्याने मांडव फुकट दिला त्याचेही होते. भाकरीचा उल्लेख नव्हता. तो अहवाल मध्यंतरी हाती आला, आणि वाचता वाचता त्या रविवारचे वाक्य आठवले. त्या घरात स्वयंपाक कोण करीत होते, ते आम्हीही दाखविले नव्हते.

या लेखाच्या तयारीसाठी आम्ही एक उद्योग केला. हजेरीपटाचा एक कोरा कागद घेतला आणि एक संपूर्ण दिवस घरी बसून कुटुंबाच्या कामाची नोंद केली. पहाटे पावणेपाचला आरंभ. रात्री साडेदहाला अखेरची नोंद, विरजण लावणे. मध्ये दुपारी चाळीस मिनिटे पाठ टेकली, त्यांतही शेंगा फोडणे चालूच होते. बेरीज केली तेव्हा साडेतेरा तास भरले. साप्ताहिक सुटीच्या रकान्यात काय लिहावे हे कळेना, तो तसाच सोडला. कागद त्यांच्यापुढे ठेविला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाल्या, "पाणी भरायचं राहिलं. तुम्ही तेव्हा झोपलेले होते." आम्ही दुरुस्ती केली. चौदा तास झाले.

कोणी म्हणेल, मग उपाय काय? सगळ्या बायांनी आगगाडीत बसावे काय? 'उंबरठा' तसे सांगत नाही. सुलभा निघून जाते ती सुखात जाते असेही तो दाखवीत नाही. तो इतकेच दाखवितो की, नवरा भला असला तरी प्रश्न उरतो. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, मुकादम चांगला आहे म्हणून कामाचे तास मोजावयाचे नाहीत असे होत नाही. तास मोजणे ही पहिली पायरी. लोखंड्यांनी तीच केली. त्यापुढे कामाची वाटणी, पुरुषांनी स्वयंपाकघरात शिरणे, गावात पाळणाघर, नळास वेळेवर पाणी, अंगणवाडीच्या बायांस वेतन, ही मागण्यांची यादी होईल. परंतु मोजणी झाल्यावाचून मागणीपत्र तयार होत नाही, हे आम्ही तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

म्हणून श्रोत्यांपैकी पुरुषांस एकच विनंती. अजिंठ्यास पुन्हा जाल तेव्हा सोळाव्या लेण्यात क्षणभर थांबा आणि सुंदरीला सावरणाऱ्या दासींचे हात पाहा. मग घरी येऊन एक दिवस, फक्त एक दिवस, कागद घेऊन बसा आणि घरातील बाईच्या कामाची नोंद करा. बेरीज झाली की कागद तिला दाखवा आणि काय राहिले ते तिला विचारा. काहीतरी राहिलेले असेलच.